निर्वासितांचे पाणी

इतिहासाच्या ग्रंथांत स्थलांतरांची वर्णने पुष्कळ आढळतात. किती माणसे निघाली, कोणत्या वाटेने गेली, कोणत्या राज्यात स्थिरावली, याचे आकडे मिळतात. मात्र पहिल्या मुक्कामी ती माणसे पाणी कोठले प्यायली, याची नोंद क्वचितच मिळते. वास्तविक उघड्यावर आलेल्या मनुष्याची पहिली गरज छप्पर नव्हे, पाणी होय. छपरावाचून महिना निघतो, अन्नावाचून काही दिवस निघतात. पाण्यावाचून तीन-चार दिवसही निघणे कठीण. आणि हे पाणी बहुधा नदीचे नसते, कारण नदीकाठची चांगली जागा आधीच कोणाची तरी असते. निर्वासितांच्या वाट्याला येतो तो माळ, आणि माळावरचे पाणी म्हणजे भूमीच्या पोटातले पाणी. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे : घरदार सुटलेल्या लोकांची वस्ती जेव्हा नव्या जागी बसते, तेव्हा तिच्या भूगर्भातील पाण्याची तरतूद कशी झाली, कोठे चुकली, आणि ती टिकाऊ व्हावयाची तर काय केले पाहिजे.

आरंभीच शब्दांचा थोडा उलगडा करणे अवश्य आहे. देशाची सीमा ओलांडून आलेला तो निर्वासित, धरणामुळे उठलेला तो धरणग्रस्त, पुरात घर गेलेला तो पूरग्रस्त, असे भेद आपण करतो. कायद्याला हे भेद लागतात, कारण प्रत्येकाचे हक्क निराळे आहेत. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. तथापि फाळणीपासून तिबेटी आणि बंगाली निर्वासितांपर्यंत लक्षावधी लोकांना या देशाने जागा दिली, हेही खरेच. तहानेला मात्र हे भेद कळत नाहीत. म्हणून आम्ही हे सारे लोक येथे एकाच पंक्तीत बसवीत आहोत.

हा विषय दूरदेशीचा आहे असे कोणी समजू नये. पुण्याहून पौडच्या रस्त्याने निघाले की पिरंगुटाशी घोटावड्याचा फाटा लागतो. ते घोटावडे ज्या मुळशी तालुक्यात आहे, त्या तालुक्याचा अर्वाचीन इतिहासच मुळी विस्थापनाने सुरू होतो. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी. बापटांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा होती. लढा सुमारे तीन वर्षे चालला, अखेर मोडला, आणि धरण पुरे झाले. सह्याद्रीच्या या अंगाचे पाणी डोंगरातून पलीकडे कोकणात भिऱ्याला उतरले, त्यावर वीज झाली आणि ती मुंबईला गेली. मुळशी पेट्यातील सुमारे बावन्न गावांना त्याची झळ बसली.

त्या लढ्याचे वर्णन आपण जमिनीचा लढा असे करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु जमिनीबरोबर आणखी एक वस्तू बुडाली, जिचा मोबदला कोणी मागितला नाही व कोणी दिला नाही. ती म्हणजे पाण्याचे ज्ञान. कोणत्या ओढ्याच्या काठी डवरा खणला की वैशाखातही घागर भरते, कोणत्या बांधाखाली झरा जिवंत आहे, कोणत्या विहिरीचे पाणी पावसाळ्यात पिऊ नये, हे गावाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक असते. ते कोणत्याही दप्तरात नसते. बहुधा ते बायकांच्या डोक्यात असते, कारण पाणी त्याच आणतात. गाव उठले की ते ज्ञान निरुपयोगी होते. नव्या जागी तीच बाई घागर घेऊन उभी राहते, पण कोणत्या दिशेला जावे हे तिला कळत नाही. विस्थापिताचे दारिद्र्य येथून सुरू होते.

आता मुळशीच्या भूमीकडे वळू. घोटावडे काय, पुणे काय, महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या पाषाणावर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर पसरले, त्यांचाच हा खडक झाला. वाळूच्या प्रदेशात पाणी सर्वत्र मुरलेले असते. गंगेच्या खोऱ्यात कोठेही नळी घाला, पाणी लागते. काळ्या पाषाणाचे तसे नाही. सलग पाषाणात पाण्याला जागाच नसते. वरचा मुरूम, त्याखालचा सच्छिद्र मांजऱ्या खडक, दोन थरांमधील सांधा, आणि खडकाच्या भेगा एवढ्याच काय त्या पाण्याच्या तिजोऱ्या. म्हणून एका शेतात विहीर भरभरून लागते आणि शंभर पावलांवर दुसरी कोरडी निघते. पानाड्यांचा धंदा या अनिश्चिततेवरच चालत आला आहे.

शिवाय येथे एक मोठा विरोधाभास आहे. मुळशीच्या पश्चिम भागात पाऊस प्रचंड पडतो, तरी चैत्र-वैशाखात वाड्या-वस्त्यांच्या विहिरी तळ गाठतात. ज्याला घाटावरचा पाऊस ठाऊक आहे पण खडक ठाऊक नाही, त्याला याचे आश्चर्य वाटते. उतार तीव्र, माती उथळ, खडकाची साठवण थोडी. तेव्हा श्रावणात जे मुरते त्यातले पुष्कळसे फाल्गुनापर्यंत ओढ्याने निघून जाते. पाऊस हे उत्पन्न आहे, भूजल ही शिल्लक आहे. आणि उत्पन्न मोठे म्हणून शिल्लक मोठी असतेच असे नाही, हे संसारी माणसांस निराळे सांगावयास नको.

या पार्श्वभूमीवर आपल्या राज्यात निर्वासितांच्या वस्त्या कशा बसल्या ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, कोल्हापूरजवळ वळीवडे येथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार पोलिश माणसे, त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक, १९४८ पर्यंत तेथे राहिली. ती गेली आणि त्याच जागी सिंधी निर्वासित आले. तेच आजचे गांधीनगर. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सुमारे लाखभर सिंधी बांधव उतरले. १९४९ च्या ऑगस्टमध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पुण्याजवळ पिंपरीची वसाहत तशीच उभी राहिली. पुढे पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबे आज ज्याला गडचिरोली जिल्हा म्हणतात त्या भागात, मुलचेरा व चामोर्शीकडे, वसविण्यात आली. आणि १९७० नंतरच्या काळात गोंदियाकडे गोठणगावाजवळ तिबेटी वसाहत झाली.

या यादीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, जागेची निवड करताना रिकाम्या बराकी, आगगाडीचे स्थानक आणि सरकारी जमीन यांचा विचार आधी होतो. घाईच्या वेळी ते अपरिहार्यही असते. लाख माणसे फलाटावर उभी असताना भूगर्भशास्त्रज्ञाची वाट पाहता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. छावणी म्हणून जे बसले ते शहर होऊन राहिले. उल्हासनगरच्या बराकींना आजही 'कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर दोन' अशी ओळख आहे. पण तेथे आता महानगरपालिका आहे. तात्पुरती वस्ती ही सरकारी कागदावरची कल्पना होय. माणूस जेथे चूल मांडतो तेथे तो मनाने कायमचाच बसतो. म्हणून सहा महिन्यांसाठी म्हणून जी पाण्याची सोय केली जाते, ती साठ वर्षे ओढावी लागते. आणि मूळची चूक त्या साठही वर्षांत सोबत करते.

पुणेकरांना तर हा अनुभव स्वतःच्या घरातला आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले, आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. त्या आपत्तीतील विसंगती अशी की, शहर पाण्याने बुडाले आणि पिण्याच्या पाण्याला मोताद झाले. कारण नळाचे पाणी ज्या खडकवासल्यातून येई तेच रिते झाले होते. त्या वेळी लोकांना आठवण झाली ती वाड्यांतील जुन्या आडांची, विहिरींची आणि अठराव्या शतकात पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या नळाच्या हौदांची. जे आड नळ आल्यावर लोकांनी कचऱ्याने बुजवीत आणले होते, त्यांनीच संकटात हात दिला. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर आदी वसाहती शहराच्या कडेला उठल्या, त्यांत अर्धगोल निसेन हट उभे राहिले, आणि त्याही वसाहती आज शहराचा भाग होऊन बसल्या आहेत. एकाच साधनावर विसंबू नये, हा धडा पुण्याने त्या जुलैत घेतला. किती काळ लक्षात ठेवला हा प्रश्न निराळा.

यानंतर १९७१ चे वर्ष येते. पूर्व बंगालमधील अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी माणसे काही महिन्यांत भारतात आली. एवढ्या लोकांना पाणी पाजणे हे कोणा एका खात्याचे काम नव्हते. तेव्हा भारत सरकारने कलकत्त्यास पुनर्वसन खात्याची शाखा थाटून कामाची सूत्रे एका ठिकाणी आणली. आणि संयुक्त राष्ट्रसंघाने आपल्या निर्वासित उच्चायुक्तांना, म्हणजे सदरुद्दीन आगाखान यांना, सर्व संस्थांचे मध्यवर्ती केंद्र म्हणून नेमले. निरनिराळ्या संस्थांनी एकाच केंद्रामार्फत काम करावे, हा प्रयोग त्या प्रमाणावर प्रथमच झाला. तरीही पावसाळ्यात पटकीने छावण्यांत कहर केला. बनगाव येथे डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून रोग्यांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आणले, ही वैद्यकाच्या इतिहासातील फार मोठी घटना होय. परंतु ती घटना घडावी लागली याचे कारण छावणीचे पिण्याचे पाणी आणि छावणीची घाण यांत अंतर राहिले नव्हते.

पटकी टाळावयाची तर तळ्याचे पाणी सोडून भूमीतले पाणी प्यावे, असा निष्कर्ष पुढे बांगला देशात निघाला आणि लक्षावधी कूपनलिका घातल्या गेल्या. रोगजंतूंच्या दृष्टीने तो निर्णय बरोबर होता. पण त्या पाण्यात सोमलाचा अंश आहे की नाही हे कोणी तपासले नाही. पश्चिम बंगालमध्ये १९८३ मध्ये डॉ. के. सी. साहा यांनी रोग्यांच्या त्वचेवरून ही विषबाधा ओळखली. बांगला देशातील पाण्यात ती १९९३ मध्ये उघडकीस आली. कोट्यवधी लोक तोवर ते पाणी पीत होते. उपकाराच्या हेतूने खणलेली विहीरही तपासल्याशिवाय उघडू नये, हा या प्रकरणाचा अर्थ आहे. चांगल्या हेतूने पाण्याचा गुण बदलत नाही.

आता एक गोष्ट सांगतो ती महाराष्ट्राला भूषणास्पद आहे, आणि तरीही आपल्याकडे ती फारशी कोणाला ठाऊक नाही. आज जगातील अनेक निर्वासित छावण्यांत जो हापसा दिसतो, त्याचे मूळ जालना आणि सोलापूर येथे आहे. एकोणीसशे साठनंतर जालन्याच्या स्कॉटिश मिशनने दाबलेल्या हवेच्या यंत्राने काळ्या पाषाणात विंधण विहिरी घेण्यास आरंभ केला. भोक पडले, पाणी लागले. पण पाणी वर काढणार कशाने? त्या काळचे ओतीव लोखंडाचे हातपंप एका कुटुंबाच्या परसासाठी केलेले. सगळे गाव दिवसभर हापसू लागले की ते महिन्या-दोन महिन्यांत मोडत. जालन्याला पोलादी पंप तयार झाला. त्यात सुधारणा होऊन सोलापूरला ऑस्कर कार्लसन या स्वीडिश तंत्रज्ञाने नवा पंप घडविला. त्याला एकच कणा आणि दांड्याच्या टोकाला साखळी. त्यामुळे दांडा कोणी कसाही हलविला तरी आतली सळई सरळच खालीवर होई. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा देशातील बहुसंख्य हातपंप बंद पडलेले आढळले. मग युनिसेफ आणि भारत सरकार यांनी सोलापूरच्या नमुन्यावरून 'इंडिया मार्क दोन' हा पंप सिद्ध केला. १९७९ मध्ये त्याला भारतीय मानक मिळाले. त्यावर कोणाही कारखानदाराचा एकाधिकार ठेवला नाही, म्हणून तो आफ्रिकेपर्यंत पोचला.

या पंपाच्या इतिहासात नियोजनाचे एक मोठे तत्त्व आहे. विहीर खणणे म्हणजे पाणीपुरवठा नव्हे. विहीर खणावयास एक दिवस लागतो आणि समारंभ होतो. तो हापसा दहा वर्षे चालू ठेवावयास वायसर लागतो, पाना लागतो, आणि तो पाना ज्याच्या हातात आहे असा मनुष्य वस्तीतच राहत असावा लागतो. त्याचा समारंभ होत नाही. मोडलेल्या हापशांच्या रांगा पाहिल्या म्हणजे आमच्या म्हणण्याचा प्रत्यय येईल.

काळ्या पाषाणाच्या लोकांनी विसरू नये असे एक उदाहरण आफ्रिकेतील आहे. जुलै १९९४ मध्ये रुआंडातील लाखो लोक काही दिवसांत सीमा ओलांडून गोमा येथे आले. गोमा ज्वालामुखीच्या पायथ्याशी, लाव्हारसाच्या कठीण खडकावर वसलेले. त्या खडकात ना विहीर खणता येई, ना शौचकूप, ना मृतांसाठी खड्डा. जवळच प्रचंड सरोवर होते. लोकांनी त्याचेच पाणी जसेच्या तसे प्यायले. पहिल्या महिन्यातच सुमारे पन्नास हजार माणसे पटकी व हगवणीने दगावली. खडकाने माणसे मारली नाहीत. खडकाचा विचार न होता वस्ती बसली, तिने मारली. त्या हत्याकांडानंतरच्या संहारामुळेच पुढे जगातील साहाय्यसंस्थांनी एकत्र बसून किमान प्रमाणे ठरविली : माणशी रोज निदान पंधरा लिटर पाणी, पाचशे माणसांस एक हापसा, अडीचशेस एक नळ, घरापासून पाणी पाचशे मीटरांच्या आत, आणि शौचकूप व विहीर यांत निदान तीस मीटर अंतर. राष्ट्रसंघाचे निर्वासित कार्यालय माणशी वीस लिटर धरते.

ही प्रमाणे असूनही घाईत काय होते, ते २०१७ मध्ये बांगला देशाच्या दक्षिण टोकास दिसले. म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या काही महिन्यांत आले. अनेक संस्था मदतीस धावल्या, आणि प्रत्येकीने आपापल्या उथळ कूपनलिका खणल्या; हजारोंनी खणल्या. कित्येक शौचकूपांना लागून होत्या, कित्येक उन्हाळ्यात आटल्या, कित्येकींचे पाणी दूषित निघाले. मग चुका सुधारून खोल विंधण विहिरी, सौर पंप, उंच टाक्या आणि औषध घातलेले नळाचे पाणी अशी व्यवस्था करावी लागली. त्यातही उखिया भागात खोलवर चांगले पाणी, आणि लागूनच असलेल्या टेकनाफमध्ये मात्र भूजलाची वानवा. तेथे पावसाचे पाणी साठवावे लागले. शेजारी शेजारी दोन भाग, पण भूमीचे पोट निराळे. तेव्हा एकच नमुना सर्वत्र चालविणे हे नियोजन नव्हे. जॉर्डनमधील झातारी छावणीतही २०१२ मध्ये टँकरने आरंभ झाला आणि शेवटी घरोघर नळ घालणेच शहाणपणाचे ठरले.

आता हे सारे घरच्या भूमीवर मांडून पाहू. समजा, घोटावड्याच्या शिवारात पाच हजार विस्थापित माणसे वसवावयाची आहेत. माणशी वीस लिटर म्हणजे रोज एक लक्ष लिटर पाणी. एक बरी विंधण विहीर तासाला दोन हजार लिटर देते असे धरू, आणि ती आठच तास चालवू, म्हणजे तिला भरून येण्यास वेळ मिळेल. तिचे रोजचे पाणी सोळा हजार लिटर. तेव्हा सात विहिरी लागतील. बिघाडासाठी दोन जास्त धरा, म्हणजे नऊ. वर्षाचे पाणी झाले तीन कोटी पासष्ट लक्ष लिटर, म्हणजे ३६,५०० घनमीटर. पावसातले शंभर मिलिमीटर पाणी भूमीत मुरते असे मानले, तर एका हेक्टरात हजार घनमीटर मुरेल. साडेछत्तीस हेक्टरांचे मुरलेले सर्व पाणी या वस्तीला लागेल. परंतु सर्व पाणी घेणे हा अन्याय आहे. त्यावर गावच्या विहिरी, शेते, ओढा आणि गुरे यांचा आधीचा हक्क आहे. एकतृतीयांशच घ्यावयाचे म्हटले तर सुमारे एकशे दहा हेक्टरांचे पाणलोट हिशेबात धरावे लागेल. आणि वस्ती स्थिरावली म्हणजे वीस लिटरांवर भागणार नाही. आपल्या ग्रामीण नळयोजना आज माणशी पंचावन्न लिटर धरतात. त्या दिवशी गरज रोजची पावणेतीन लक्ष लिटर होईल.

हा हिशेब केवळ उदाहरणादाखल आहे. पण त्यातही एक फसवणूक दडलेली आहे, ती ओळखली पाहिजे. वर्षाचा हिशेब जुळला म्हणजे वैशाखाचा जुळतो असे नाही. काळ्या पाषाणात दिवाळीची विहीर आणि अक्षय्यतृतीयेची विहीर या दोन निराळ्या विहिरी असतात. म्हणून विहिरीची परीक्षा घ्यावयाची ती मे महिन्यात. दिवस-रात्र पंप चालवून, आणि त्याच वेळी शेजारच्या शेतकऱ्यांच्या विहिरींत दोर सोडून, त्यांची पातळी किती खाली जाते हे त्यांच्या समक्ष मोजून. तसेच तीस मीटरांचे प्रमाण मातीच्या प्रदेशात पुरे पडते. भेगाळ खडकात घाण भेगेवाटे कितीतरी दूर जाऊ शकते. तेथे शौचकूप विहिरीच्या खालच्या अंगाला ठेवणे, पाणी वारंवार तपासणे आणि त्यात औषध टाकणे यांत हयगय चालणार नाही.

येथे कोणी विचारील, आणि ते विचारणे रास्त आहे, की शेजारच्या गावाने आपले पाणी परक्यांना का द्यावे? गावाचीच घागर भरत नाही तेथे पाहुण्याची कशी भरावी? या प्रश्नाला केवळ भूतदयेचे उत्तर देऊन भागत नाही. पहिले उत्तर असे की, भूमीखालचा खडक सातबाऱ्याचा उतारा पाहत नाही. वस्तीने चोरून, अंधारात, वाटेल तशा विहिरी घेतल्या तर गावाचे नुकसान अधिक होईल. पाणी मोजून दिले तर ते मर्यादेत राहते. दुसरे उत्तर असे की, वस्तीसाठी आलेल्या पैशातून गावचीही विहीर खोल झाली पाहिजे, गावच्या ओढ्यावरही बंधारा पडला पाहिजे, आणि त्याच नळाची एक शाखा गावात गेली पाहिजे. ज्या छावण्यांत निर्वासितांना नळ मिळाला व शेजारच्या गावाला मिळाला नाही, तेथे भांडण ठरलेलेच असते.

तिसरे उत्तर पुणे जिल्ह्यानेच दिलेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाण्याची वाटणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात. आणि ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा. हे तत्त्व विस्थापितांना नेमके लागू पडते, कारण विस्थापित म्हणजेच ज्याची जमीन गेली तो. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटवून ठेवला तर भूमिहीनाला तहानेचाही हक्क राहणार नाही. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने पाण्याचा हक्क हा मानवी हक्क म्हणून मान्य केला. नायगावने ती गोष्ट कितीतरी वर्षे आधी, तीही उसाला नकार देऊन, आचरणात आणली होती.

राहता राहिला समन्वयाचा प्रश्न. हा शब्द सभांतून फार वापरला जातो, त्यामुळे त्याचा अर्थ पातळ झाला आहे. आमच्या मते त्याचा अर्थ अगदी साधा आहे : एक वही. कोणती विहीर कोणी घेतली, किती खोल, कोणत्या थराला पाणी लागले, उन्हाळ्यात किती दिले, पाणी कधी तपासले, पंप कधी मोडला व कोणी दुरुस्त केला, हे सर्व एकाच वहीत असावे. आणि ती वही सरकारी कचेरीत कुलपात न राहता वस्तीच्या व गावाच्या संयुक्त समितीपुढे दरमहा उघडली जावी. समितीत बायका असाव्यात, कारण रांगेत त्या उभ्या राहतात आणि पाण्याची चव बदलली की प्रथम त्यांनाच कळते. आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. ती राज्यातील निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. हिवरेबाजारसारखे गाव पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरविते. म्हणजे शास्त्र आहे, यंत्रणा आहे, गावाने करून दाखविलेला नमुनाही आहे. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या कायद्यात नव्या गावठाणाला पिण्याच्या पाण्याची सोय देण्याचे बंधनही आहे. उणीव आहे ती हे सर्व एका मेजावर, माणसे येण्यापूर्वी, मांडण्याची.

१९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. घरे भक्कम झाली, पण ती इतकी ऐसपैस मांडली गेली की गल्लीबोळांच्या जुन्या गावापेक्षा नळ, रस्ता आणि दिवा यांची लांबी पुष्कळ वाढली. घराचा नकाशा काढणारा आणि पाण्याचा नकाशा काढणारा हे दोघे एकाच खोलीत बसले पाहिजेत, असे आम्ही म्हणतो ते याच कारणासाठी.

मुळशीच्या मावळ्यांना उठविले गेले, तेव्हा त्यांना मोबदल्याचा दर सांगण्यात आला. तुम्ही जेथे जाल तेथे वैशाखात पाणी कोठले प्याल, हे मात्र विचारण्यात आले नाही. शंभर वर्षे उलटली. अवर्षण, पूर, युद्धे आणि धरणे यांनी माणसे उठण्याचे थांबलेले नाही, आणि थांबेल असे चिन्ह नाही. पुढल्या खेपेस कोणा वस्तीसाठी माळ निवडला जाईल, तेव्हा शिक्का मारण्यापूर्वी त्या माळावरच्या विहिरीत मे महिन्यात एकदा दोर सोडून पाहावा, एवढीच आमची मागणी आहे. ती फार मोठी नाही. पण तेवढे झाले असते तर या व्याख्यानात सांगितलेल्या कित्येक दुःखद हकिकती सांगण्याची पाळीच आली नसती.